दगडी पाला : एका घरगुती औषधाची वंशावळ

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत शेतावर काम करताना कोणाच्या बोटाला विळा लागला, पायात तुरीचे धसकट शिरले किंवा बैलाची मान जुवाने घासून सोलली गेली, तर पुढे काय करावयाचे हे तेथील शेतकरी घरास सांगावे लागत नाही. जवळची बाई बांधावर वाकते, चार-सहा खरखरीत पाने खुडते, हिरवे पाणी सुटेपर्यंत ती दोन्ही तळव्यांत चोळते, तो रस जखमेवर पिळते, उरलेला चोथा त्यावरच दाबते आणि लुगड्याच्या फाटक्या काठाने बांधून टाकते. थोड्या वेळाने रक्त थांबते व काम पुन्हा सुरू होते. या पाल्यास कोणी दगडी पाला म्हणतात, कोणी कंबरमोडी, कोणी एकदांडी, तर कोणी सरळच जखमजुडी. झाड असे नव्हेच. जमिनीला धरून पसरणारे एक तण आहे. पाने केसाळ व कातरलेली असतात. त्यांतून वीतभर लांबीचा बिनपानांचा एकच दांडा वर येतो आणि त्याच्या टोकाला एकच फूल बसते. मध्ये पिवळा गोंडा व भोवती फिकट पांढुरक्या चार-पाच पाकळ्या. प्रत्येक पाकळीच्या टोकाला तीन दाते. फूल वाळले की बियांना पांढरे पिसारे फुटतात आणि मुलांच्या 'म्हातारी'प्रमाणे त्या वाऱ्यावर निघून जातात.

हे औषध कोठून आले असे विचारले की खेड्यातले उत्तर ठरलेले असते : आमच्या वाडवडिलांपासून चालत आले. सुशिक्षित घरांत याच उत्तरास आणखी एक पायरी जोडली जाते : आयुर्वेदात सांगितलेले आहे. यांपैकी पहिले उत्तर आम्हांस जसेच्या तसे मान्य आहे. दुसरे मात्र तपासून पाहिले पाहिजे. कारण ते तपासू लागले असता या क्षुद्र तणाची हकीकत आपण समजतो त्याहून अगदी निराळी निघते, आणि आमच्या मते अधिक अभिमानास्पदही निघते.

स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअस याने १७५३ साली आपल्या 'स्पीशीज प्लांटारम' या ग्रंथात या वनस्पतीचे 'ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स' असे नामकरण केले आणि तिचे वसतिस्थान म्हणून मेक्सिकोच्या पूर्व किनाऱ्यावरील व्हेराक्रूझचे नाव लिहिले. सर जोसेफ हूकर यांच्या हिंदुस्थानच्या वनस्पतिकोशाचा तिसरा खंड १८८१ च्या सुमारास निघाला. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. या पिढीच्या शास्त्रज्ञांपासून आजपर्यंत एका गोष्टीविषयी मतभेद नाही : हे तण उष्ण कटिबंधातील अमेरिकेचे आहे व आपल्याकडे ते बाहेरून आलेले आहे. व्ही. एन. नाईक यांनी उस्मानाबाद जिल्ह्याच्या (आजचे धाराशिव) वनस्पतींचा ग्रंथ १९७९ साली प्रसिद्ध केला. लातूर तेव्हा त्याच जिल्ह्यात होते, ते १९८२ साली निराळे झाले. म्हणजे तो ग्रंथ लातूरचाही समजावयास हरकत नाही. पुढे १९९८ साली त्यांचा सबंध मराठवाड्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ निघाला. तोवर हा पाहुणा शिवारात इतका रुळला होता की बांध, पायवाट, पडीक जमीन आणि पडक्या वाड्याची भिंत यांपैकी कोणतीही जागा त्याला वर्ज्य राहिली नव्हती.

अर्थात चरक, सुश्रुत किंवा वाग्भट यांच्या ग्रंथांत या वनस्पतीचा शोध करणे म्हणजे महाभारतात मिरची शोधण्यासारखे आहे. सुश्रुताने चिकित्सास्थानाच्या पहिल्याच अध्यायात व्रणावरील साठ उपक्रम सांगितले आहेत. शस्त्रवैद्यकाच्या इतिहासात त्या प्रकरणाची योग्यता फार मोठी आहे. पण दगडी पाला त्यांत असणे शक्य नाही. अलीकडच्या काही पुस्तकांतून या वनस्पतीस 'जयंती वेद' असे संस्कृत नाव दिलेले आढळते आणि त्यावरून तिचे प्राचीनत्व सिद्ध झाले असे पुष्कळांस वाटते. परंतु जुन्या निघंटूंतील जयंती म्हणजे आपली शेवरी, शेंगा येणारे एक लहानसे झाड. तिचा आणि या तणाचा काडीचा संबंध नाही. कुळी नसलेल्या माणसाने पैसा आल्यावर भाटाकडून वंशावळ लिहवून घ्यावी, तसा हा प्रकार आहे. गुजराती लोकांनी या बाबतीत अधिक प्रामाणिकपणा दाखविला आहे. ते या वनस्पतीस 'परदेशी भांगरो' म्हणतात, म्हणजे परदेशातून आलेला माका. मराठीतही पिवळ्या धोत्र्यास 'फिरंगी धोत्रा' हे नाव आहे. असली नावे म्हणजे लोकांनी केलेली इतिहासाची नोंदच होय. दगडी पाल्याच्या बाबतीत मराठीने तशी नोंद ठेवली नाही. त्याला जवळचे, घरातले नाव देऊन टाकले. 'प्रोकम्बेन्स' या लॅटिन शब्दाचा अर्थ भुईवर पडून राहणारे असा आहे. कंबर मोडल्याप्रमाणे जमिनीवर लोळणाऱ्या या झुडपाकडे पाहून आमच्या मराठवाड्यातील बायांनी 'कंबरमोडी' म्हटले असेल, तर लिनिअसाचीच नजर त्यांनाही होती असे म्हणावे लागेल.

ग्रंथ बाजूला ठेवले तरी घरातच एक पुरावा आहे. गणेशचतुर्थीस वाहिल्या जाणाऱ्या एकवीस पत्रींकडे पाहावे. त्यांत आघाडा आहे, माका आहे, डोरली आहे, रुई आहे, शमी आहे. यांतील बहुतेक वनस्पती उकिरड्यावर, बांधावर, माळावर उगवणाऱ्या आहेत, आणि त्यांपैकी बऱ्याचशा औषधीही आहेत. म्हणजे रानटी तण म्हणून धर्मविधीने कोणाला बाहेर ठेविले असे दिसत नाही. असे असता ज्या पाल्यावाचून शेतातला एक हंगाम जात नाही, त्याला ना गणपतीपुढे जागा, ना मंगळागौरीत, ना हरितालिकेत. पत्रींची यादी ठरली तेव्हा हा पाला या भूमीत नव्हता, एवढाच याचा अर्थ. १७६० च्या आरंभी सदाशिवरावभाऊंनी उदगीरच्या मोहिमेत निजामास नमविले. त्या रणात घायाळ झालेल्या शिलेदाराच्या दंडावर एखाद्या कादंबरीकाराने हा पाला बांधला, तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल, परंतु इतिहास मात्र कुरकुर करील.

मग हा पाला या दोन जिल्ह्यांत पसरला कसा? त्याच्या बियांना पंख आहेत, त्यामुळे मनुष्याच्या मदतीची त्याला फारशी गरज नाही. पण उघडी, खणलेली, तुडवलेली जमीन त्याला फार मानवते. रेल्वेचा भराव म्हणजे अशा जमिनीची शेकडो मैलांची अखंड पट्टीच. मनमाडहून नांदेडवरून हैदराबादेस जाणारा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला, आणि बार्शी लाइट रेल्वे लातुरास पोहोचली ती १९११ साली. कापसाच्या गाठी, सरकी, जनावरे, मजुरांच्या टोळ्या आणि त्यांच्या चटया हे सर्व या मार्गांनी ये-जा करू लागले. हे तण त्यापूर्वी येथे मुळीच नव्हते असे कोणी म्हणणार नाही. परंतु गावोगावच्या बांधावर ते सर्रास दिसू लागण्यास या दोन रुळांचा हातभार लागला असावा, असे अनुमान करावयास आम्हांस संकोच वाटत नाही. ते खरे असेल, तर ज्या उपचारास आपण 'हजारो वर्षांची परंपरा' म्हणतो, तिचे या भागातील वय पणजीच्या पिढीपलीकडे फारसे जाणार नाही.

पाला येण्यापूर्वी लोक जखमेवर काय लावीत, हाही प्रश्न येथे येतो. हळद होती, चुना होता, तूप होते. विशेषतः बिब्बा होता. नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेस किनवट आणि माहूर या तालुक्यांत जे जंगल आहे त्यात बिब्ब्याची झाडे आहेत. तेथील गोंड, कोलाम, आंध या लोकांचा तो ओळखीचा वृक्ष. भेगाळलेल्या टाचेस, काटा मोडून राहिलेल्या जागेस बिब्बा तापवून त्याचे तेल लावण्याची चाल फार जुनी आहे. हा भल्लातक चरक-सुश्रुतांसही चांगला ठाऊक होता. त्याचीच गोडंबी बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांत जाते, आणि त्याच्याच काळ्या रसाने परीट कपड्यांवर खुणा करीत. तेव्हा खरोखरीच्या प्राचीन वंशावळीचे औषध पाहावयाचे असेल तर ते हे. पण बिब्ब्याशी चेष्टा चालत नाही. तो उतला म्हणजे अंगावर फोड उठतात, कातडे जाते, माणूस आठवडाभर तळमळतो. तो देणाऱ्यास जाणतेपण लागते, म्हणून खेड्यात बिब्बा घालणारी माणसे मोजकी असत. दगडी पाल्यास असे जाणतेपण लागत नाही, तो विकत घ्यावा लागत नाही, आणि जेथे जखम होते तेथेच तो उगवतो. या तीन गुणांपुढे बिब्ब्याची सारी कुलीनता फिकी पडली.

या भागाच्या राजकीय इतिहासाचाही येथे विचार केला पाहिजे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत नांदेड व लातूर ही दोन्ही हैदराबाद संस्थानात होती. संस्थानचा राजाश्रय यूनानी वैद्यकास मोठा होता; हैदराबाद शहरात त्याचे दवाखाने व विद्यालय होते. परंतु तो आश्रय राजधानीच्या आसपास अधिक दिसे. मुखेड, देगलूर, अहमदपूर, निलंगा यांसारख्या ठिकाणच्या शेतमजुरापर्यंत हकीम पोहोचणे कठीणच, आणि डॉक्टर तर त्याहून कठीण. त्या काळात हैदराबादेतून एक वस्तू मात्र घराघरांत पोहोचली : १९२० साली निघालेली 'झिंदा तिलिस्मात' ही छोटीशी कुपी. सर्दी, पोटदुखी, डोकेदुखी, दातदुखी या सर्वांवर तीच. मराठवाड्यातील जुन्या घरांच्या फडताळात ती अजूनही सापडते. तिचा मुख्य घटक निलगिरीचे तेल, आणि निलगिरी हे झाड मूळचे ऑस्ट्रेलियातील! फडताळात ऑस्ट्रेलिया आणि बांधावर मेक्सिको, अशा दोन परदेशी आधारांवर या भागातील एक सबंध पिढी 'घरगुती औषध' करीत आली. आणि त्यात तिचे काही बिघडले नाही.

आता मुख्य प्रश्न. हे तण परदेशी, ग्रंथांत त्याचे नाव नाही, वैद्याने ते सांगितले नाही, हकिमाने सांगितले नाही. मग त्याचा गुण कळला कोणास? चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात एक मार्मिक विधान आहे. शेळ्या, मेंढ्या व गाई राखणारे आणि रानात वस्ती करणारे लोक औषधींची नावे व रूपे जाणतात, हे आचार्य मान्य करतात. परंतु नुसते नाव-रूप जाणणे म्हणजे औषधी जाणणे नव्हे, तिची योजना कोठे व कशी करावी हे जाणणारा तोच खरा जाणता, असेही बजावतात. श्रमविभाग मोठा सुटसुटीत आहे : गुराख्याने झाड दाखवावे, वैद्याने त्याचा उपयोग सांगावा. दगडी पाल्याने हा विभाग मोडला. येथे नाव ठेवले गुराख्याने, रूप ओळखले खुरपणाऱ्या बाईने, आणि योजनाही त्यांनीच ठरविली. वैद्य नंतर आला, प्रयोगशाळा त्याहूनही नंतर आली.

हे घडले कसे असावे याची कल्पना करणे अवघड नाही. खुरपणी करणाऱ्या बाईच्या हाताखालून दिवसाकाठी शेकडो तणे जातात. खुरपे बोटाला लागते ते त्या तणांतच. आणि रक्त थांबविण्यासाठी हाताशी येईल तो पाला दाबण्याची मनुष्याची प्रवृत्ती सार्वत्रिक आहे. शंभर वेळा शंभर पाले दाबले गेले असतील. काहींनी आग झाली, काहींनी पू झाला, काहींनी काहीच झाले नाही. एकाने मात्र रक्त लवकर थांबले आणि चौथ्या दिवशी जखम कोरडी दिसली. दुसऱ्या दिवशी ओळीत शेजारी बसलेल्या बाईस हे कळले, आठवडी बाजारात दुसऱ्या गावास कळले, आणि लेक नांदावयास गेली तेव्हा तिच्याबरोबर तिसऱ्या गावास गेले. विद्यापीठात याला प्रयोग म्हणतात. तेथे त्याची वही ठेवतात एवढाच फरक. तो फरक लहान नाही हे आम्हांस मान्य आहे, आणि त्याविषयी पुढे लिहावयाचेच आहे.

हे निव्वळ कल्पनेचे खेळ नव्हेत, याला बाहेरचा आधार आहे. तमिळ भाषेत या वनस्पतीस 'वेट्टुक्काय पूंडु' म्हणतात; त्याचा अर्थ कापल्याच्या जखमेची वनस्पती. म्हणजे आपली जखमजुडीच. आफ्रिकेत नायजेरियासारख्या देशांतही हाच पाला रक्त थांबविण्यासाठी चोळून लावतात. मेक्सिको व ग्वाटेमाला या तिच्या मायदेशांतही त्वचेच्या विकारांवर तो वापरला जातो. जहाजांतून बी आले असेल, पण मेक्सिकोतील म्हातारीचा सल्ला त्या बियांबरोबर नायजेरियाच्या आणि निलंग्याच्या शेतात आला असे समजण्यास काही आधार नाही. एकमेकींची भाषा न जाणणाऱ्या, एकमेकींचे अस्तित्वही न जाणणाऱ्या बाया निरनिराळ्या खंडांत एकाच पाल्यापाशी येऊन थांबल्या, याहून मोठी साक्ष आम्हांस तरी माहीत नाही.

कोणी म्हणेल, खेडूत माणूस दिसेल तो पाला औषध म्हणून लावतो, त्यात विशेष ते काय? तसे मुळीच नाही. गाजरगवताचेच उदाहरण घ्यावे. तेही अमेरिकेतलेच, १९५५ च्या सुमारास पुण्याच्या आसपास ते प्रथम लक्षात आले व बघता बघता साऱ्या मराठवाड्यात माजले. दगडी पाल्यापेक्षा कितीतरी मुबलक, हाताशी कितीतरी जवळ. पण त्याने अंगास खाज सुटते, पुरळ उठते, हे लोकांनी ओळखले आणि त्याला औषधाच्या पंक्तीस बसू दिले नाही. 'काँग्रेस गवत' असे थट्टेचे नाव देऊन ते उपटून टाकले. सीताफळाची गोष्ट याच्या मधली आहे. बालाघाटच्या डोंगरांत ते इतके माजले आहे की ते येथलेच वाटते, आणि भारहूतच्या प्राचीन शिल्पांत ते कोरलेले आहे असे कनिंगहॅमसारख्या पुराणवस्तुसंशोधकास वाटल्यापासून त्याच्या मूळस्थानाविषयी वाद होत आला आहे. बहुतेक विद्वान त्यास अमेरिकेचे व पोर्तुगीजांबरोबर आलेले मानतात. त्याचा पाला वाटून गुरांच्या किडे पडलेल्या जखमेत भरतात आणि बियांची पूड उवांसाठी केसांस लावतात. पण ती पूड डोळ्यांत गेली तर डोळ्यास मोठी इजा होते, म्हणून पूड लावताना पोरीचे डोळे फडक्याने बांधावे, हे सांगावयास जाणती बाई चुकत नाही.

लोकज्ञान सर्वत्र असे सावध असते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. पिवळ्या धोत्र्याने याची उलट बाजू दाखविली आहे. हीही मेक्सिकोचीच काटेरी वनस्पती. खोड मोडले की पिवळा चीक निघतो. जुन्या वैद्यकग्रंथांत स्वर्णक्षीरी नावाची एक औषधी आहे. हा पिवळा चीक पाहून पुढच्या काळातील कित्येक पंडितांनी हीच ती स्वर्णक्षीरी असे ठरवून टाकले. चरकाच्या काळी जी वनस्पती या खंडात नव्हती तिला चरकाचे नाव मिळाले, आणि त्या नावाबरोबर चरकाचा अधिकारही मिळाला. खेड्यांतून तिचा चीक खरजेस लावतात, आणि डोळ्यांत घालण्याची चालही कोठे कोठे होती. तिच्या बियांचे तेल तर प्रत्यक्ष विषच आहे. मोहरीच्या तेलात ते मिसळले गेल्याने अंगावर सूज येऊन हृदय निकामी होणारा रोग पसरतो. कलकत्त्यास त्याची साथ १८७७ साली नोंदली गेली आणि दिल्लीत १९९८ साली त्याने पुन्हा माणसे मारली. खोट्या वंशावळीचा तोटा केवळ इतिहासकारासच होतो असे नाही, हे यावरून दिसेल. 'आयुर्वेदात सांगितले आहे' हे वाक्य आम्ही इतक्या आग्रहाने तपासावयास सांगतो, त्याचे कारण हे आहे. ज्याला ग्रंथाची मुद्रा मिळाली त्याची परीक्षा करणे आपण सोडून देतो.

दगडी पाल्याची परीक्षा मात्र झालेली आहे, आणि ती आपल्याच देशात झाली. १९८२ साली दिवाण, टिल्लू व कुलकर्णी या संशोधकांनी या वनस्पतीचा जखम भरण्यावर काय परिणाम होतो याचे प्रयोग उंदरांच्या जातीच्या प्राण्यांवर करून ते प्रसिद्ध केले. सांधलेली जखम पुन्हा ताणून उकलण्यास किती जोर लागतो, यावरून ती किती पक्की भरली हे ठरवितात; या वनस्पतीच्या अर्काने तो जोर वाढलेला आढळला. स्टेरॉइड जातीच्या औषधांनी जखम भरणे मंदावते. ती मंदी हा अर्क काही अंशी भरून काढतो असेही पुढच्या वर्षी दिसून आले. नंतर आणखी काही ठिकाणी असेच प्रयोग झाले. लोकांचा अनुभव अगदीच पोकळ नव्हता, एवढे त्यावरून म्हणता येते. याहून अधिक म्हणता येत नाही. कारण प्रयोगशाळेतील स्वच्छ केलेला अर्क निराळा आणि शेणामातीच्या हातांनी चोळलेला पाला निराळा.

येथे येऊन गोष्ट खरोखरीच गंभीर होते. धनुर्वाताचे बीज मातीत असते, विशेषतः जनावरांचे शेण पडलेल्या मातीत. भुईला चिकटून वाढणाऱ्या या पाल्यावर ती माती असणारच. वरच्यावर कापले असेल, रक्त वाहून गेले असेल, तर भय थोडे. पण खिळा, धसकट किंवा काटा खोल रुतून तोंड मिटलेल्या जखमेवर हाच पाला घट्ट बांधला, तर आपण त्या बीजास हवे तसे घर बांधून देतो. जुन्या पिढीत धनुर्वाताने किती शेतकरी व किती बाळंतिणी-बाळे दगावली याचे हिशेब घराघरांत आहेत; ते बहुधा 'वारे गेले', 'बाहेरचे झाले' अशा शब्दांत सांगितले जातात. धनुर्वाताची लस १९२० नंतरच्या दशकात तयार झाली. आपल्याकडे सार्वत्रिक लसीकरणाचा कार्यक्रम १९७८ पासून सुरू झाला. आणि बाळंतिणी व नवजात मुले यांना होणारा धनुर्वात भारतातून हटल्याचे २०१५ साली जाहीर झाले. आज बांधावरचा पाला निश्चिंतपणे लावता येतो तो काही अंशी या सुईच्या जिवावर. पाल्याची स्तुती करणारे लेख हे सांगत नाहीत, म्हणून आम्ही ते मुद्दाम सांगतो. पाला धुऊन घ्यावा, हात धुवावे, खोल जखम उघडी ठेवून दवाखाना गाठावा व सुई घ्यावी. मधुमेही माणसाच्या पायावर तर कोणताही पाला बांधू नये.

याच पाल्याचे आणखीही काही उपयोग सांगतात. मूळव्याधीवर, हगवणीवर तो पोटात देतात. त्याविषयी आमचे मत अनुकूल नाही, आणि जागाही त्यासाठी खर्चावी असे वाटत नाही. केसांच्या तेलात माक्याऐवजी तो घालतात, हे मात्र सांगण्यासारखे आहे. माक्यास पाण्याची ओल लागते. मांजरेच्या काठी तो मिळेल, पण औसा-निलंग्याच्या कोरड्या माळावर बारा महिने कसा मिळावा? म्हणून त्याच्या जागी हा दुष्काळी नातलग उभा राहिला. कित्येक वैद्यही भृंगराज म्हणून याचाच उपयोग करतात. गुजरात्यांनी त्याला 'परदेशी माका' म्हटले त्यात ही सोयही दिसत असावी.

आजची स्थिती अशी की पाला मुबलक आहे आणि त्याला ओळखणारी माणसे कमी होत आहेत. गेल्या तीन-चार दशकांत लातूर व नांदेडच्या रानांत ज्वारीच्या जागी सोयाबीन आले. सोयाबीनबरोबर तणनाशकाची फवारणी आली, आणि फवारणीबरोबर खुरपणी घटली. ज्या ओळीत बसून बाया पाला ओळखीत व तो एकमेकींस दाखवीत, ती ओळच विरळ झाली. त्यात खुरपणाऱ्या बाईचे पाठीचे दुखणे कमी झाले असेल तर त्याबद्दल आम्ही रडणार नाही. तण काही नाहीसे झाले नाही. ते रस्त्याच्या कडेस, वसाहतींच्या मोकळ्या भूखंडांत, शाळेच्या कुंपणालगत सुखाने वाढत आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सरकारने त्याचे नाव उपद्रवी तणांच्या यादीत घातले आहे. परवान्यावाचून ते तेथे आणता येत नाही.

मार्गशीर्षातील वेळ अमावास्येस या दोन जिल्ह्यांतील शहरे ओस पडतात. वकील, प्राध्यापक, व्यापारी, कारकून, सारे आपापल्या किंवा स्नेह्यांच्या शेतावर जातात. कडब्याच्या कोपीपुढे पूजा होते, आंबील व भज्जीचे जेवण होते, आणि पोरे बांधावरून अनवाणी धावत सुटतात. त्यांच्यापैकी कोणाच्या तरी पायास काही तरी लागतेच, आणि कोणी आजी असेल तर पाला शोधला जातोच. त्या दिवशी तिला तीन गोष्टी विचारून घ्याव्या, अशी आमची वाचकांस विनंती आहे : तिच्या माहेरी या पाल्यास काय म्हणत, सासरी काय म्हणतात, आणि तिला तो प्रथम कोणी दाखविला. उदगीर-देवणीकडे कानडी, देगलूर-बिलोलीकडे तेलुगू आणि किनवटाकडे गोंडी व कोलामी या भाषा मराठीस येऊन मिळतात. तेलुगूत या वनस्पतीस 'गड्डी चामंती' म्हणजे गवती शेवंती म्हणतात. पैकी कोणते नाव कोणत्या गावापर्यंत आले आणि कोठे दुसऱ्या नावाने त्याची जागा घेतली, याचा नकाशा काढता आला, तर हा पाला कोणत्या वाटेने हातोहात पसरला हे त्यावरून वाचता येईल. अशी माहिती गावाच्या व तालुक्याच्या नावासह आमच्याकडे आल्यास ती आम्ही क्रमाने प्रसिद्ध करू.